सगळ्यात हळू असेल ती पुढं

आमच्या सरांनी मला संघात घेतलं ते मी शर्यतीत शेवटची आले म्हणून. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी गंमत करतेय. गंमत कसली, आज मी जी भाकरी खाते ती त्या शेवटच्या नंबराची आहे.

कॉलेजच्या स्थापना दिनाची दौड होती. हजेरी लागणार होती म्हणून अख्खं एफवाय पळायला आलं होतं. निम्म्या मुली पहिल्याच वळणावर उसाच्या रसाच्या गाडीपाशी थांबल्या, उरलेल्यांतल्या निम्म्या रिक्षानं परत आल्या. मी पळत राहिले. पळत म्हणजे काय, म्हशीला घाई झाली की ती जशी चालते तसं. मी पोचले तेव्हा मांडव सोडायचं काम चाललं होतं. खुर्च्या टेम्पोत गेल्या होत्या. एकच राहिली होती, कारण तिच्यावर अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घातलेला एक माणूस शेंगदाणे खात बसला होता आणि तो उठत नव्हता.

"कुठली?" त्यांनी विचारलं.

"सातपूर."

"मध्ये कुठं थांबलीस?"

"नाही थांबले."

"का?"

"थांबले असते तर परत सुरू झाले नसते."

ते खुर्चीतून उठले. मग उरलेले शेंगदाणे माझ्या हातावर ओतले आणि म्हणाले, "उद्या साडेपाचला ये. पहाटेच्या." आणि मांडववाल्याला खुर्ची देऊन बस पकडायला निघून गेले. हे आमचे क्रीडा संचालक. विद्यापीठाच्या आमच्या विभागातल्या निम्म्याअधिक ढाली ज्यांच्या खोलीत होत्या ते हेच, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तोवर मी त्यांना मांडववाल्याचा हिशोबनीस समजत होते.

त्या दिवसापासून माझं नाव सातपूर पडलं. सर कुणालाच नावानं हाक मारायचे नाहीत, गावानं मारायचे. आमच्या मुलींच्या संघात मी सातपूर, बाकीच्या सिन्नर, वणी, पंचवटी, कॉलेज रोड आणि सुरगाणा. मी एकदा चिडून म्हटलं, "सर, मला नाव आहे." तर म्हणाले, "नाव आईबापांनी ठेवलंय, त्यात तुझं कर्तृत्व काय? तू रोज कुठून उठून येतेस ते माझ्या लक्षात राहिलं पाहिजे." आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. सिन्नर सलग तीन दिवस उशिरा आली तेव्हा तिला एक शब्द बोलले नाहीत. चौथ्या दिवशी स्वतः एसटी स्टँडवर जाऊन उभे राहिले, पहिली गाडी का सुटत नाही म्हणून कंट्रोलरशी तासभर भांडले, आणि गाडी वेळेवर सुटायला लागली. सिन्नर आम्हाला सांगायची की अख्खं गाव त्या गाडीला आता मास्तरची गाडी म्हणतं.

स्वतः सर कधी कशात पहिले आले नव्हते. कॉलेजात असताना चार वर्षं व्हॉलीबॉलच्या संघात राखीव होते. लोक अशी गोष्ट लपवतात, सर छाती पुढं काढून सांगायचे. "चार वर्षं बाकावर बसलोय. बाकावरून जेवढं दिसतं तेवढं मैदानात उभं राहून दिसत नाही." त्यांना गाडी चालवता येत नव्हती, शिकायची इच्छाही नव्हती. उन्हाळ्यातही स्वेटर अंगात. पायात चपला. इतर कॉलेजांचे क्रीडाशिक्षक मागं त्यांना 'स्वेटर' म्हणायचे आणि तोंडावर म्हणायचे, "सर, यंदा तरी आमच्यासाठी काहीतरी सोडा." सर म्हणायचे, "मी कुठं धरून ठेवलंय? पळा आणि घेऊन जा." माज होता तो, मी खोटं कशाला बोलू. पण ज्याच्याकडं माल असतो त्याचा माज लोक चालवून घेतात.

त्यांची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली होती. आता तिथं मी बसते. छत तिरकं आहे, उंच माणसाला डोकं वाकवून आत यावं लागतं, आणि सरांना ते फार आवडायचं कारण प्राचार्य उंच होते. ढाली भिंतीला असायच्या, पण कप वापरात असायचे. मोठ्या कपात मटकी भिजत घातलेली, त्याहून मोठ्यात हरभरे, लहान कपांत गूळ. सकाळचा सराव झाला की आम्ही त्यातूनच मूठ मूठ खायचो. एकदा प्राचार्य बाहेरून आलेल्या पाहुण्यांना घेऊन आले. अभिमानानं विभागाच्या सर्वसाधारण विजेतेपदाचा कप उचलून दाखवायला गेले आणि मोड आलेली मटकी त्यांच्या बाहीतून थेट कोपरापर्यंत गेली. सर शांतपणे म्हणाले, "खाली ठेवा, अजून मोड लांब यायचेत." पाहुणे पोट धरून हसले. प्राचार्य नंतर पंधरा दिवस सरांशी बोलत नव्हते, आणि सरांच्या ते पंधरा दिवस ध्यानातही आलं नाही.

एका कारखानदारांना जिमखान्यासाठी देणगी द्यायची होती. त्यांच्या डोक्यात यंत्रांची व्यायामशाळा होती, काचेचं दार, आत एसी, आणि दारावर त्यांच्या मातोश्रींचं नाव. सर म्हणाले, "यंत्रं नकोत. मुलींसाठी दोन संडास आणि कपडे बदलायला आतून कडी लागणारी एक खोली द्या." प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. कारखानदार म्हणाले, "अहो सर, संडासावर आईचं नाव कसं लावू?" सर म्हणाले, "खोलीवर लावा ना. मुली रोज वाचतील. व्यायामशाळेवर लावाल तर पोरं आरशात बघतील, नाव कोण वाचतंय?" दोन महिन्यांत खोली उभी राहिली. तोवर आम्ही सहाजणी एकमेकींभोवती ओढण्या धरून कपडे बदलायचो. कडी लागल्यावर मैदानावर मुली वाढल्या. यात कुठलंही शास्त्र नाही, पण ते सुचायला बाकावर बसलेला माणूस लागला.

सरांचं सगळ्यात विचित्र खूळ घड्याळाचं. जूनपासून दसऱ्यापर्यंत एकही स्टॉपवॉच कपाटाबाहेर यायचं नाही. दसऱ्याला खोलीत पूजा असायची. पाटावर गोळा, थाळी, भाला, मोजायची टेप, आमचे खिळ्यांचे बूट आणि ती घड्याळं. सर स्वतः झेंडूची फुलं वाहायचे आणि म्हणायचे, "आजपासून वेळ सुरू." त्याआधी कुणी मनगटावरच्या घड्याळाकडं नुसतं पाहिलं तरी म्हणायचे, "आधी पाय बनू दे. न शिजलेला भात मोजून काय करणार?"

आमच्या घरीही आले होते, न सांगता. प्रत्येकीच्या घरी एकदा जायचेच. आईनं चहा ठेवला तर म्हणाले, चहा नको, ही काय जेवते ते बघायला आलोय. आणि सरळ भाकरीचा डबा उघडला. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नंतर ती बाबांना म्हणाली, "हे मास्तर आहेत का आरोग्य खातं?" पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यात रोज एक उकडलेलं अंडं जास्त यायला लागलं, आणि धाकट्या भावानं त्यावरून वर्षभर कुरकुर केली.

आता माळेचं सांगते. सरांचं सगळं डिपार्टमेंट माळेवर उभं होतं.

क्रॉस कंट्री म्हणजे मैदान सोडून रस्त्यांवरून, वावरांतून पळायची लांब शर्यत. संघात सहाजणी असतात. पहिल्या चार जणींचे नंबर मोजतात आणि त्यांची बेरीज करतात. ज्यांची बेरीज सगळ्यात कमी त्यांची ढाल. आता गंमत बघा, बाकीची कॉलेजं एक हिरकणी शोधायची, तिच्यावर वर्ष घालायची, ती पहिली यायची, फोटो छापून यायचा आणि ढाल आमच्याकडं यायची. कारण त्यांची चौथी पन्नासावी असायची. सर म्हणायचे, "पहिलीला सगळं गाव बघतं. ढाल चौथीच्या पायात असते." त्या संघात चौथी बहुतेक वेळा मी असायचे. कधी पाचवी.

म्हणून सरावाला माळ. सहाजणी एकामागं एक, आणि सगळ्यात हळू असेल ती सगळ्यात पुढं. म्हणजे मी. माझ्या वेगानं सगळ्यांनी पळायचं आणि कुणीही पुढच्या मुलीला ओलांडायचं नाही. ती थांबली तर सगळ्यांनी थांबायचं. मागून पाच जणींचे पाय वाजत असले की हळू पळायची लाज वाटते, आणि मागच्यांना धीर धरायची सवय लागते. रोज पहाटे गंगापूर रोडनं आमची माळ जायची. दूधवाले ओळखायचे. नियम कडक होता. सुरगाणा पहिल्या वर्षी नवी होती तेव्हा एकदा कंटाळून सगळ्यांना मागं टाकून सुसाट पुढं गेली. सरांनी तिला आठ दिवस पळू दिलं नाही. रोज पहाटे यायचं, पायरीवर बसायचं आणि आमचे बूट राखायचे. ती आठही दिवस आली, बसली आणि रडली. त्यानंतर तीन वर्षांत तिनं माळेत कधी कुणाला ओलांडलं नाही.

या सुरगाण्याबद्दल सांगायला हवं. आमच्यातली खरी पळणारी तीच. घर डोंगरात, पावसाळ्यात भात आणि नागली, म्हणजे नाचणी, आणि पाणी संपलं की अख्खं घर दिंडोरीकडं द्राक्षांच्या कामाला. ती हॉस्टेलला राहायची आणि सुट्टीत आईबापांबरोबर बागेत राबायची. बोलायची कमी. पळायला लागली की तिच्या पावलांचा आवाजच यायचा नाही. तिसऱ्या वर्षी तिचं सगळं एका शर्यतीवर येऊन ठेपलं होतं. विभागाच्या शर्यतीत पहिल्या सहांत आलेल्या मुली विद्यापीठाच्या संघात जायच्या. त्या संघाच्या शिबिरात एका सरकारी खात्याचे लोक यायचे आणि चांगल्या पळणाऱ्या मुलींना नोकरीला घ्यायचे. आदल्या वर्षी ती आठवी आली होती. पुढं शिकवायची घरची ऐपत नव्हती. म्हणजे सहांत आली तर नोकरी, नाही आली तर परीक्षा दिली की बागेत, कात्री हातात घेऊन. तिनं हे मला एकदाच सांगितलं होतं, सपाट आवाजात, बुटाची नाडी बांधता बांधता.

शर्यत शहराबाहेर, बागांमधल्या रस्त्यावर होती. अडीच किलोमीटर जायचं, रस्त्यात ठेवलेल्या पिंपाला वळसा घालून परत यायचं, आणि हेच पुन्हा एकदा. माझे बाबा त्या दिवशी पहिल्यांदाच बघायला आले होते. रात्रपाळी करून कंपनीतून थेट, हातात जेवणाचा डबा तसाच. मी त्यांना बघितलं आणि माझी अक्कल गहाण पडली. एरवी मी सुरुवातीला मागं राहणारी मुलगी. त्या दिवशी बार झाल्याबरोबर उधळले. पहिल्या दोनशे मीटरमध्ये मी सगळ्यांच्या पुढं होते. अख्ख्या विभागाच्या पुढं. बाबांनी डबा वर करून हलवला.

मग दम लागला. अर्धा किलोमीटर झाला असेल. इतर कॉलेजांच्या मुली दोन्ही बाजूंनी निघून जायला लागल्या. आणि माझ्या मागं ओळखीचे पाय वाजायला लागले. वणीचा उजवा पाय जरा घासायचा, तो आवाज मला झोपेतही कळला असता. बरं वाटलं. आपल्या मुली आल्या. मी माझ्या रोजच्या वेगाला लागले आणि निवांत पळत राहिले. आता पुढं जातील, आता जातील, असं वाटत होतं. कुणी गेलंच नाही.

पिंपाला वळसा घालताना मागं नजर गेली. माझ्या मागं सिन्नर, तिच्या मागं पंचवटी, कॉलेज रोड, वणी, आणि सगळ्यात शेवटी सुरगाणा. एका रांगेत. आमच्या सहाजणींची माळ लागली होती, भर शर्यतीत, आणि तिच्या पुढं मी. आजवर शर्यतीत मी कधी त्यांच्या पुढं नसायचे, म्हणून असं कधी झालं नव्हतं; आता तीन वर्षं रोज पहाटे जे केलं तेच पाय करत होते. बाकीच्या कॉलेजांच्या मुली आमच्याकडं बघत बघत पुढं जात होत्या.

"पुढं जा ना," मी ओरडले.

"सर बघतील," मागून सिन्नर म्हणाली.

"सुरगाणा, अगं तू तरी जा. तुझी शर्यत आहे."

सगळ्यात मागून तिचा आवाज आला, "तू हायेस ना पुढं." तक्रार नव्हती त्यात. मी पुढं आहे, म्हणून ती मागं आहे, एवढं सरळ होतं तिचं. आठ दिवस पायरीवर बसलेल्या मुलीला एका पिंपापाशी काय समजावणार?

थांबावं, तर माळेत पुढची थांबली की सगळ्या थांबणार. मग मला एकच सुचलं, जोरात पळायचं. आपण जेवढं पुढं जाऊ तेवढ्या त्या येतील. मी आयुष्यात तशी पळाले नव्हते आणि नंतरही कधी पळाले नाही. छातीत आग पडली होती. दहा-बारा मुली आम्ही गाठल्याही. पण माझं जोरात म्हणजे किती? सुरगाण्याच्या निवांत चालीइतकंच. पुढच्या मुली लांब दिसत होत्या आणि आणखी लांब होत होत्या.

परतीच्या टोकाला सर उभे होते, पाण्याच्या बादलीशेजारी. त्यांनी आमची माळ येताना पाहिली. मी त्यांचा चेहरा बघितला. तो एरवी कधी बदलायचा नाही. तेव्हा रंग उडाला होता. मी जवळ आले तसे ते दोन पावलं पुढं आले आणि म्हणाले,

"सातपूर, बाजूला हो."

मी खरं सांगते, मला कुणी थोबाडीत मारली असती तर एवढं लागलं नसतं. तीन वर्षं हा माणूस सांगत आला होता की मी पुढं आहे म्हणून सगळं आहे. आणि आता माझ्या बापासमोर, सगळ्या विभागासमोर, बाजूला हो. मी झाले बाजूला. डाव्या अंगाला, पाण्याच्या चारीच्या कडेला. सिन्नर गेली, पंचवटी गेली, कॉलेज रोड गेली, वणी गेली. सुरगाणा माझ्या शेजारी आली तेव्हा तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. सर म्हणाले, "जा." ती गेली. ती कशी गेली ते मी बघत राहिले. बघता बघता माझे पाय थांबले आणि मी रडायला लागले.

सर माझ्याकडं आले. हात लावला नाही, पाणी दिलं नाही. नियमात बसत नव्हतं. एवढंच म्हणाले, "बाजूला हो म्हटलं. थांब नाही म्हटलं."

मला इतका राग आला की मी पळायला लागले. त्यांच्यापासून लांब जायला म्हणूनच. रागाच्या भरात कॉलेज रोडला गाठलं, ती पोटात कळ येऊन वाकली होती. पिंपापाशी पंचवटीला गाठलं. मी आमच्या संघाची चौथी आले.

सुरगाणा शेवटच्या रेषेपलीकडं जमिनीवर बसली होती, गुडघ्यात डोकं घालून. मला वाटलं, गेलं सगळं. वणी म्हणाली, "सहावी आली. शेवटच्या वळणावर दोघींना टाकलं." मग ही रडतेय कशाला? मी शेजारी बसले तर म्हणाली, "तुला मागं टाकलं." एवढीच खंत होती तिला. मी म्हटलं, "बाई, चाळीस जणींनी टाकलं मला, तू एकटीच रडतेयस." मग हसली.

ढाल गेली. तीन गुणांनी. आता जे सांगते ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला थांबून रडले तेवढ्यात चार मुली मला ओलांडून गेल्या. त्यांतल्या एकीलाही मी परत गाठू शकले नाही. चार नंबर. मी थांबले नसते तर ढाल आमची होती. सर म्हणायचे ते अगदी खरं होतं, ढाल चौथीच्या पायात असते, आणि ते पाय थांबले होते. सरांना हे माहीत होतं. ते तिथंच उभे होते, त्यांनी त्या चार जणी मोजल्या असणारच.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फलकावर सरांच्या अक्षरात कागद लागला. 'क्रॉस कंट्रीची ढाल यंदा आपल्याकडे नाही. कारण : प्रशिक्षकाची चूक. माळ धरायला शिकवली, सोडायला शिकवली नाही.' खाली सही. प्राचार्यांनी कागद काढायला लावला, सरांनी दुपारी परत लावला. दुसऱ्या कॉलेजांचे क्रीडाशिक्षक येऊन त्याचे फोटो काढून गेले, त्यांच्या ग्रुपवर फिरला, हसण्यावारी नेला लोकांनी. सर स्वेटरच्या खिशात हात घालून सगळ्यांचं हसू बघत होते. कुणी विचारलं तर म्हणायचे, "चूक आहे, लिहिलीय. तुमच्याकडं चुका होत नाहीत का, लिहायचं धाडस होत नाही?"

मी मात्र आठ दिवस सरावाला गेले नाही. नवव्या दिवशी गेले आणि तोंडावर म्हटलं, "सर, तुम्ही मला सगळ्यांसमोर बाजूला काढलंत."

"काढलं."

"मला राग आलाय."

"यायलाच पाहिजे," सर म्हणाले. "मला स्वतःचाच आलाय. तुला पुढं उभं केलं आणि वाट कधी द्यायची ते तुझ्या हातात दिलं नाही. आता देतो. आजपासून माळेत पुढची म्हणेल तेव्हा मागच्यांनी जायचं. तू म्हणशील तेव्हा. मी नाही म्हणणार."

मी थांबून रडले त्याबद्दल ते काही बोलतील म्हणून मी वाट बघत उभी राहिले. ते मटकीतलं पाणी बदलायला लागले. त्या गोष्टीबद्दल ते पुढं निवृत्त होईपर्यंत बोलले नाहीत. पुढच्या वर्षी ढाल परत आली, त्याच्या पुढच्याही वर्षी, आणि आता मी खोलीत बसते तेव्हाही ती बहुतेक आमच्याकडंच असते. माळ तशीच आहे. सगळ्यात हळू असेल ती पुढं, आणि वाट द्यायचा हुकूम तिचा.

सुरगाणा शिबिराला गेली. तिथं तिला निवडलं. उन्हाळ्यात नेमणुकीचं पत्र आलं, आणि ती हजर व्हायला गेल्यावर काही दिवसांनी एक माणूस कॉलेजच्या मैदानावर आला. खांद्यावर नागलीचं पोतं, पायात टायरच्या चपला, बागेच्या कामानं हातांची सालं निघालेली. आम्ही सराव संपवून पायऱ्यांवर बसलो होतो. सर बाहेर आले, त्यांनी पोतं उतरवायला हात लावला. मला कळलं, हे तिचे वडील. शर्यतीनंतर सर पुन्हा तिच्या घरी जाऊन आले होते, त्यामुळं त्यांची ओळख होती.

मला वाटलं ते सरांच्या पाया पडतील. ते म्हणाले, "गुरुजी, तुमी सांगितलं ती पोर कुठली? बाजूला झाली ती?"

सरांनी माझ्याकडं बोट केलं.

तो माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्यानं पोत्याकडं हात केला. म्हणाला, "ही नागली तुला आनलीय. आमच्या वावरातली हाय. पोरीला नोकरी लागली. तू वाट दिली."

मला ते सहन होईना. सरांनी तिच्या घरी जाऊन काय सांगितलं होतं ते माझ्या ध्यानात आलं. मी म्हटलं, "काका, मी आपणहून नव्हते झाले. सरांनी सांगितलं म्हणून झाले. आणि वर रस्त्यात उभी राहून रडले. त्यात आमची ढाल गेली."

सर पोत्याची दोरी सोडत होते.

त्या माणसानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात जड होता आणि खरखरीत.

"सांगून तरी बाजूला कोन व्हतो, बाई?" तो म्हणाला.